आजीला कॅमेऱ्याचा ‘न दिसणारा’ उजेड दिसतो. कसा?

कुळागरकर (वाळपई), रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचं घर सत्तरीत, वाळपईपासून थोडं आत. घरामागे कुळागर आहे: माड, पोफळी, केळी, मिरवेली. गेल्या दोन पावसाळ्यांत गवे उतरायला लागले. एका रात्रीत केळीची अख्खी रांग आडवी करून गेले. म्हणून मागच्या पडवीत रात्री बघणारा कॅमेरा बसवून घेतला. बसवणारा म्हणाला, याचे दिवे इन्फ्रारेड आहेत, माणसाला दिसत नाहीत, तुमच्या झोपेला काही त्रास नाही.

तिसऱ्या रात्री आजी म्हणाली, "तो तांबडो दिवो पालोव रे, म्हाका न्हीद येना." (पालोव म्हणजे विझव.)

आजी ८१ वर्षांची. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी तिला दोन दिवस समजावत राहिलो की तो दिवा दिसूच शकत नाही, तुला भास होतोय. ती काही बोलली नाही, फक्त खाट फिरवून घेतली. आता त्याचं वाईट वाटतंय, कारण काल वीज गेली होती आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर चालू होता. मी तिच्याशेजारी अंधारात बसलो. आधी काहीच दिसलं नाही. वीसेक मिनिटांनी कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बारीक तांबूस ठिपक्यांचं कडं दिसायला लागलं, राखेखालच्या निखाऱ्यासारखं.

पुस्तकात तर दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी ३८० ते ७५० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) अशीच लिहिलेली असते. मग हे काय? ऑपरेशनमुळे आजीची नजर वेगळी झाली आहे का? आणि रोज रात्री त्या उजेडासमोर झोपल्याने डोळ्यांना अपाय होईल का?

मांडवीकाठ (पणजी), रात्री ९:५८

खोक्यावर ८५० लिहिलंय की ९४०? पहिलं ते बघा.

कुळागरकर, रात्री १०:०५

८५० नॅनोमीटर.

चिरेबंदी (फोंडा), रात्री ११:२०

मी तीस वर्षं हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजींना भास झालेला नाही. चूक आम्हा शिक्षकांची आहे. आम्ही फळ्यावर इंद्रधनुष्य काढतो, तांबड्यानंतर एक उभी रेघ ओढतो आणि पलीकडे "अदृश्य" असं लिहितो. तशी रेघ डोळ्यात कुठेच नसते. तिथे उतार असतो.

पणजीहून दोना पावलाला जाताना रस्ता कुठे संपतो आणि समुद्र कुठे लागतो ते बोट ठेवून दाखवता येतं. पण भरती-ओहोटीच्या पुळणीवर उभं राहून "इथे जमीन संपली" असं सांगता येत नाही. डोळ्याची मर्यादा पुळणीसारखी आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला डोळा सर्वात तेज. ७०० ला ती शक्ती सुमारे अडीचशे पटींनी घटते. त्यानंतर प्रत्येक पावलाला आणखी घटत जाते, पण शून्य होत नाही. उजेड पुरेसा प्रखर असला आणि भोवती पुरेसा काळोख असला तर त्या पुळणीवर बरंच पुढे जाता येतं.

हे कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे. १९४७ मध्ये डॉनल्ड ग्रिफिन, रूथ हबर्ड आणि जॉर्ज वाल्ड या तिघांनी माणसाच्या डोळ्याची अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांबाबतची संवेदनशीलता पार १००० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत तपासली. यातले वाल्ड म्हणजे डोळ्यातल्या रंगद्रव्यावरच्या कामासाठी १९६७ चं नोबेल मिळालेले, आणि ग्रिफिन म्हणजे वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात हे दाखवून देणारे. माणसाला न ऐकू येणारं आणि माणसाला न दिसणारं, दोन्हींच्या काठावर एकच माणूस उभा होता, ही गोष्ट मला फार आवडते.

अवरक्ताचा शोध आणखी जुना, १८०० सालचा. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवून कोणता रंग किती तापवतो ते बघत होते. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथल्या थर्मामीटरचा पारा सर्वात वर चढला. यावरून सूर्याची सगळी ताकद अवरक्तातच असते असं समजू नका. काचेचा लोलक जांभळी बाजू पसरट करतो आणि तांबडी बाजू आखडून टाकतो, म्हणून तिकडची ऊब एका जागी गोळा होते. तरीही जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातला जवळपास अर्धा वाटा अवरक्ताचाच असतो.

बारावी_विज्ञान (मडगाव), रात्री ११:४४

सर, एक शंका. ८५० चा एलईडी फक्त ८५० देत नाही ना? त्याचा पट्टा दोन्ही बाजूंना तीसेक नॅनोमीटर पसरलेला असतो आणि त्याच्या पुढे मंद शेपटी असते. मग आजींना ८५० दिसतंय की शेपटीतलं ७८०-८०० दिसतंय?

चिरेबंदी, रात्री ११:५९

शंका योग्य आहे बाळ. उतार इतका तीव्र आहे की शेपटीतला थोडासा ७८० हा मधल्या भरपूर ८५० इतका किंवा जास्तही दिसू शकतो. दोन्हींचं मिश्रण धर. वेगळं करायचं तर मध्ये गाळणी लावावी लागेल. पण आजींच्या प्रश्नाला याने बाधा येत नाही. दिवा दिसतो, एवढं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे.

नेत्रांजन (म्हापसा), सकाळी ७:१५

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासण्याचं काम करते. तीन गोष्टी.

ऑपरेशनचा इथे संबंध नाही. आपलं मूळ भिंग जवळचं अवरक्त आधीपासूनच आत सोडतं, अडवतं ते अतिनील. म्हणून जुन्या काळी, भिंग काढून त्या जागी काहीच न बसवता जाड चष्मा देत, तेव्हा काही रुग्णांना अतिनीलाची निळसर पांढरी झाक दिसायची. आताच्या बसवायच्या भिंगांत अतिनील अडवण्याची सोय असते. वय वाढलं की मूळ भिंग पिवळं पडतं आणि निळं फिकं दिसतं, तांबड्याच्या बाजूला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ८१ व्या वर्षीही आजी या बाबतीत तुमच्या बरोबरीच्या.

तुम्हाला उशिरा दिसलं कारण तुम्ही फोन बघून अंधारात गेला असणार. डोळ्याला काळोखाची सवय पूर्ण व्हायला अर्धा तास लागतो. आजी दिवेलागणीनंतर फोन घेऊन बसत नसतील.

अपायाचं म्हणाल तर पडवीतल्या कॅमेऱ्याला आठ-दहा मीटरवरून घाबरायचं कारण नाही. पण अगदी जवळून रोखून बघू नका. आणि हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे: न दिसणारा उजेड प्रखर असतो तेव्हा दिसणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक, कारण डोळा मिटत नाही, बाहुली आखडत नाही आणि दृष्टिपटलाला वेदनेच्या नसाच नाहीत. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला आमच्या शेजारी मुलं एक्स-रेची फिल्म डोळ्यांवर धरून उभी होती. फिल्म सूर्य काळा करते, पण अवरक्त आत जातच राहतं. मी त्या हातांतून फिल्म अक्षरशः हिसकावून घेतल्या. ग्रहणासाठी प्रमाणित चष्माच वापरा.

काजवा (साखळी), सकाळी ८:३०

मग निसर्गाने आपल्याला अवरक्त नीट दिसेल असा डोळा दिलाच का नाही? सापाला दिलाय ना? रात्री अंधारात उंदीर पकडतो.

रानवाट (मोले), सकाळी ९:०२

सगळ्या सापांना नाही काजवाभाऊ. नागाला नाही, मण्याराला नाही, घोणसालाही नाही. आपल्याकडे आहे तो मलबारी चापड्याला, हिरव्या बांबू चापड्याला आणि पालापाचोळ्यात बसणाऱ्या वर वळलेल्या नाकाच्या चापड्याला. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा दिसतो, तेच ते. अजगराला ओठांवर ओळीने खळगे असतात, पण तितके तेज नाहीत.

आणि तो डोळा नव्हे. खळग्यात केसापेक्षाही पातळ पडदा हवेत ताणलेला असतो. समोरून ऊब आली की पडदा तापतो. अंशाच्या काही सहस्रांशाइतका फरकही त्याला कळतो. २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पडद्यातल्या नसांत जो रेणू हे काम करतो, तोच रेणू आपल्या शरीरात मोहरीचा, वसाबीचा झणका ओळखतो. नाकात झणझण करतं ना, तोच. ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं. खळग्याची नस चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेतून जाते, पण मेंदूत शेवटी डोळ्याच्या चित्रावर बसते. म्हणजे चापड्याला उंदीर दिसतो आणि त्याच जागी उबदारही वाटतो.

मोलेच्या जंगलात पावसाळी रात्री एक मलबारी चापडा दोन तास एकाच फांदीवर बघितला आहे. टॉर्च लावला तरी हलला नाही. पानावरून बेडूक सरकला तेव्हा मान वळली.

काजवा, सकाळी ९:२०

घोणसाला नाही हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पण "आपल्याला का नाही" हे राहिलं.

चिरेबंदी, दुपारी १२:१०

हेच मला सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून जेवण बाजूला ठेवून लिहितो.

डोळ्याच्या दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याच्या पोटात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसवलेला असतो. प्रकाशाचा कण बसला की तो रेणू ताडकन सरळ होतो आणि तिथून मेंदूला निरोप जातो. हा चाप किती घट्ट ठेवायचा हा खरा प्रश्न आहे. अवरक्ताचा कण अशक्त. त्याने चाप उडायला हवा तर चाप सैल ठेवावा लागेल. पण शरीर ३७ अंशांवर आहे, रेणू सतत थरथरत असतात. चाप सैल केला तर निव्वळ ऊबच तो उडवत राहील आणि मिट्ट काळोखातही डोळ्यापुढे ठिणग्याच ठिणग्या दिसतील.

आहे तो चाप किती घट्ट आहे बघा. एक ऱ्होडॉप्सिन रेणू उबेने आपोआप उडायला सरासरी सुमारे ४०० वर्षं लागतात. एका दंडपेशीत असे दहा कोटी रेणू, म्हणून तिच्यात दोन-तीन मिनिटांनी एखादी खोटी ठिणगी पडतेच. एवढ्याशा गोंगाटात माणूस पाच-सात प्रकाशकणांचा लुकलुकाट ओळखतो, हे १९४२ मध्ये हेख्त, श्लेअर आणि पिरेन यांनी मोजलं. थंड रक्ताच्या भेकांवर (खडबडीत कातडीच्या बेडकांवर) १९८८ मध्ये प्रयोग झाले. शरीर थंड असताना त्यांना आणखी मंद उजेड दिसला, कारण खोट्या ठिणग्या कमी झाल्या.

आता आजींच्या दिव्याकडे या. ८५० चा कण एकटा चाप उडवू शकत नाही. पण जो रेणू त्या क्षणी उबेने जोरात थरथरत असेल त्याला उरलेली थोडी ताकद मिळते. अशी वेळ क्वचित येते, म्हणून उजेड भरपूर लागतो आणि दिसतं मंद. म्हणजे जी ऊब अवरक्त नजरेच्या आड येते, तीच आपल्याला थोडंसं अवरक्त दाखवतेही. तो उतार तयार होतो तो यामुळे.

मांडवीकाठ, दुपारी १:३५

सर, हे शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर.

एक भर. माणसाच्या अंगातून निघणारं अवरक्त आणि कॅमेऱ्याच्या दिव्याचं अवरक्त यांत मोठी तफावत आहे, लोक नेहमी गोंधळ करतात. अंगाची ऊब साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे ८५० नॅनोमीटरपेक्षा अकरा पट लांब लहर. पडवीतला कॅमेरा ऊब बघत नाही, स्वतःच्या दिव्याचा परतलेला उजेड बघतो. ऊब बघणारा थर्मल कॅमेरा वेगळा आणि महाग. त्याला खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस दिसत नाही, पण कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवीतला हात दिसतो.

दर्यावर्दी (वास्को), दुपारी २:१०

हवामान खात्याची रात्रीची ढगांची चित्रं याच लांब लहरीवर येतात. आपल्या इन्सॅट उपग्रहांत १०.८ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा रात्रभर तीच चित्रं बघत होतो. त्यात जे जितकं पांढरं तितकं थंड, म्हणजे उंच ढग. ऊब काळी, गारवा पांढरा. पहिल्यांदा बघणारा उलटं समजतो.

फोंडेकरीण, दुपारी ३:००

माझा मुद्दा साधा आहे. आमच्या शेजारच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीचं दार उघडलं की पाच पावलांवरून गालाला कळतं. हात पुढे केला तर सावली पडल्यासारखी ऊब थांबते. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता चिऱ्याच्या भिंतीजवळून गेलं तरी तेच. हे अवरक्तच ना?

चिरेबंदी, दुपारी ३:२५

होय ताई, अगदी तेच. दिवसभर ऊन प्यालेला चिरा रात्री ते परत देतो. कातडीला अवरक्त कळतं, फक्त चित्र उमटत नाही.

काजवा, दुपारी ३:४०

वाचलं होतं की एडिस डासही शरीराची अवरक्त ऊब ओळखतो, २०२४ मध्ये संशोधन आलं. सत्तर सेंटिमीटरपर्यंत म्हणे. डेंगीचा तोच. तेव्हा दिवसासुद्धा अंगभर कपडे घाला आणि कुळागरातल्या करवंट्यांत पाणी साठू देऊ नका.

बारावी_विज्ञान, संध्याकाळी ५:०५

२०२५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी अशी कॉन्टॅक्ट लेन्स केली की ती घालून लोकांना इन्फ्रारेड दिव्याची उघडझाप दिसली, डोळे मिटून तर आणखी चांगली, कारण पापणीतून अवरक्त जास्त आत जातं. आता आपल्याला चापड्यासारखं दिसेल का?

मांडवीकाठ, संध्याकाळी ५:३०

नाही. त्या लेन्समधले सूक्ष्मकण ८०० ते १६०० नॅनोमीटरचं अवरक्त घेऊन दिसणाऱ्या रंगात बदलतात, आणि त्यालाही प्रखर दिवा लागतो. अंगाची ऊब त्या पट्ट्याच्या फार पलीकडे.

कुळागरकर, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. आजीला वाचून दाखवलं. मला आता नीट तपासून बघायचं आहे. बहीण नाणं उडवेल, छाप आली तर कॅमेरा चालू, काटा आला तर बंद. आजी दिसतो की नाही ते सांगेल. वीस वेळा. तुलनेला टीव्हीचा रिमोट, तो ९४० चा असतो.

मांडवीकाठ, रात्री ८:३२

थांबा. कॅमेरा चालू-बंद करू नका. रात्रीच्या वेळेला जाताना आतली गाळणी सरकते, तिचा "टिक" आवाज येतो. आजी आवाजावरून ओळखतील. कॅमेरा चालूच ठेवा, पुढे पुठ्ठा धरा किंवा काढा.

रानवाट, रात्री ८:५०

आणि रिमोटशी तुलना न्याय्य नाही, त्यात एकच लहान दिवा. माझ्याकडे जंगलात लावायचा ९४० चा कॅमेरा आहे, तसाच दिव्यांचा पट्टा असलेला. रविवारी वाळपईला येणार आहे, घेऊन येतो.

कुळागरकर, रविवार, रात्री १०:४५

झालं. रानवाट दादा आले होते, आजीने त्यांना सोलकढी आणि भात वाढूनच पुढचं काम सुरू करू दिलं.

अर्धा तास सगळे काळोखात. आठ मीटर अंतर. पुठ्ठा दादांच्या हातात, नाणं बहिणीकडे, आजीचं उत्तर मी लिहून घेतलं आणि नाण्याचा निकाल मला माहीत नव्हता. ८५० च्या कॅमेऱ्याला आजीची २० पैकी २० उत्तरं बरोबर. माझी १८. ९४० च्या कॅमेऱ्याला आजीची ९ बरोबर, माझी ११, म्हणजे निव्वळ अंदाज.

आजीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "आतां तरी पालोव." लगेच पडवीतला कॅमेरा उतरवला.

एक विचारायचं राहिलं. गव्यांना तो तांबूस दिवा दिसत असेल का?

रानवाट, रात्री ११:२०

गाईगुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच तऱ्हेच्या. त्यांतली लांब लहरींची पेशी ५५५ नॅनोमीटरच्या आसपास तेज, आपली ५६० ला. गवा त्याच कुळातला. म्हणजे उतार जवळपास आपल्यासारखाच धरायचा. त्यातून रात्री गव्याचा डोळा पूर्ण काळोखाला सरावलेला आणि दृष्टिपटलामागे आरसा असलेला, त्यामुळे ८५० चा दिवा जवळून त्याला दिसत असावा असं मला वाटतं. पण कॅमेऱ्याकडे मान वळवलेला गवा दिव्याकडे बघतोय, आवाजाकडे की माणसाच्या वासाकडे, हे फोटोवरून ठरवता येत नाही.

९४० लावायचा तर एक लक्षात घ्या, कॅमेऱ्याचा संवेदकही तिकडे मंद असतो. पल्ला कमी पडेल. पोफळीच्या पहिल्या रांगेपर्यंत पुढे न्यावा लागेल.

कुळागरकर, नऊ दिवसांनी, सकाळी ६:५०

९४० चा घेतला, पहिल्या रांगेत लावला. आजी आता पडवीतच झोपते, खाट पूर्वीच्या बाजूला फिरवून.

काल पहाटे ३:१२ ला एक गवा आणि वासरू आलं. दोघांचे डोळे दोन-दोन टॉर्चसारखे. केळी नाही मोडल्या, गडग्याच्या कडेने निघून गेले. आजीला फोनवर दाखवलं. तिने गवा बघितला, वासरू बघितलं आणि विचारलं की केळीची पानं अशी चुन्यासारखी पांढरी कशी?

चिरेबंदी, सकाळी ७:३०

आजींना सांगा, हिरवं पान साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच उजेड खातं. त्यापुढचा त्याच्या उपयोगाचा नसतो. पानाच्या आतल्या पोकळ, हवेने भरलेल्या पेशींवर आपटून तो बराचसा परत येतो. त्यामुळे आपल्याला हिरवी दिसणारी केळ या कॅमेऱ्याला पांढरी दिसते. पीक पिवळं पडायला लागलं की हे परतणं बदलतं, उपग्रहावरून भाताच्या शेताची तब्येत बघतात ती त्याच्यावरूनच. एखाद्या केळीचं पान शेजारच्यांपेक्षा काळपट दिसलं तर सकाळी जाऊन बुंधा बघून या.

कुळागरकर, सकाळी ८:१०

तिसऱ्या रांगेतली एक दिसतेय. जाऊन येतो.